समासातलं ‘कोणी?’

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका खाली आला. त्यात माझ्या प्रबंधाचे कच्चे खर्डे होते. सहा खर्डे, सगळे लाल शाईने माखलेले. विषय होता खामगावचा कापूस बाजार, 1860 ते 1920. आता मी बुलढाणा जिल्ह्यातच, घाटाखालच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. ‘मॅडम, लघुप्रबंध कसा लिहायचा?’ असं एम.ए.ची मुलं विचारतात तेव्हा गंभीर चेहरा करून काहीबाही सांगते. खरं उत्तर त्या खोक्यात पडून होतं. झाडू बाजूला ठेवून मी तिथेच जमिनीवर बसले आणि वाचायला लागले.

‘काय वाचून राह्यली वं एवढं?’ मायनं स्वयंपाकघरातून विचारलं. तिला काय सांगणार, स्वतःचीच फजिती वाचतेय म्हणून?

1. माझा प्रबंध बाराव्या पानावर सुरू होत होता, हे मी सोडून सगळ्यांना दिसत होतं. पहिल्या अकरा पानांत भारत कृषिप्रधान देश होता, मोहेंजोदडोचा कापूस होता, ढाक्याची मलमल होती, ईस्ट इंडिया कंपनी होती. मोहेंजोदडोहून खामगावला यायला मला फक्त अकरा पानं लागली, याचा उलट अभिमानच वाटत होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी टाचणी काढली, ती अकरा पानं उचलून टेबलाच्या कडेला ठेवली आणि बारावं वाचायला घेतलं. तिथे 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला होता आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले होते. ‘हां, आता बोल,’ सर म्हणाले. मला फार लागलं ते. त्या अकरा पानांत माझा एक अख्खा उन्हाळा गेला होता. पुढे हळूहळू उमगलं की ती पानं वाचकासाठी नव्हतीच. पोहायला आलेली पोरं विहिरीच्या काठावर पाणी किती गार आहे यावर चर्चा करत बसतात ना, तशी ती चर्चा होती. आजही लेख लिहायला घेतला की माझी पहिली दोन पानं मोहेंजोदडोतच जातात. ती मी लिहिते. कुणाला दाखवत नाही, एवढाच काय तो फरक.

2. जड शब्द मी विद्वत्ता दाखवायला वापरते, असं मला वाटायचं. खरं तर मी जीभ लपवत होते. घरात आम्ही ‘मले-तुले’वाले. अकरावीत वर्गात उभं राहून ‘मले नाही समजलं सर’ म्हटलं आणि मागचा बाक हसला, तेव्हापासून मी मराठी दोन हातांनी धरून बोलायला लागले. प्रबंध आला तेव्हा तर ठेवणीतला शालूच बाहेर काढला. दुसऱ्या खर्ड्यातलं हे वाक्य बघा: ‘प्रस्तुत संशोधनात्मक अभ्यासाच्या अनुषंगाने सदर कालखंडातील कापूस या नगदी पिकाच्या संदर्भात विवेचन करण्याचा अल्पसा प्रयत्न करण्यात आलेला आहे.’ खोक्यापाशी बसून मोजले, अठरा शब्द. बातमी एकही नाही. उसन्या शालूत बाई जशी पाय जपून टाकते, तशी ती सगळी वाक्यं चालत होती.

सरांनी यावर भाषण दिलं नाही. कपाटातून यादव माधव काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ काढून दिला. बुलढाण्याचे हे वकील, 1924 सालचं हे पुस्तक. ‘वकिलाचं मराठी आहे,’ सर म्हणाले, ‘अशिलालाही कळलं पाहिजे आणि जज्जालाही.’ मी ते घरी नेलं आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेले. पुढचं प्रकरण असं काही गप्पा मारत लिहिलं, मध्ये म्हणी काय, उद्गारचिन्हं काय! त्यावर सरांचा शेरा एका शब्दाचा: ‘कीर्तन.’ साधं लिहिणं हेसुद्धा नटणं असू शकतं, हे तेव्हा कळलं. अजूनही मधेमधे पदर सावरावा लागतो.

3. माझ्या वाक्यांमध्ये माणसंच नव्हती. तिसऱ्या खर्ड्यात ठळक दिसतं ते. मी लिहिलं होतं, ‘कापसाची वेचणी केली जात असे, तो बाजारात आणला जात असे व तेथे त्याची खरेदी केली जात असे.’ समासात लाल शाईने तीन वेळा, एकाखाली एक: कोणी? कोणी? कोणी? मी मनातल्या मनात वाद घातला. शास्त्रीय लेखन असंच असतं, लेखकाने अलिप्त राहायचं असतं, वगैरे. घरी येऊन तक्रारीच्या सुरात ते वाक्य मायला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कापूस काय आपल्या पायानं थैल्यात येते? वेचते कोन?’

तिनेच वेचला होता. मी पोटात असतानाही वेचला होता. कमरेला ओटी बांधायची, दोन ओळी धरायच्या आणि संध्याकाळी वजनावर मजुरी घ्यायची. बोंड वाळलं की त्याची टोकं काट्यासारखी होतात, नखाजवळची कातडी सोलून निघते. तिची बोटं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तशीच असायची आणि त्याच बोटांनी ती भाकरी थापायची. दवाचा कापूस वजनाला भरतो, म्हणून मालक ऊन चढल्याशिवाय वावरात शिरू देत नाही, हे तिने सांगितलं. पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेही तिनेच आठवण करून दिलं. मी ते लहानपणी पाहिलं होतं, दहीभातही खाल्ला होता. प्रबंधात मात्र ‘वेचणी केली जात असे’.

मग मी माझी साधनं पुन्हा उघडली आणि मला घामच फुटला. कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांच्या काळचे सरकारी अहवाल मी महिनोन्‌महिने वाचले होते. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडावर पडली. त्या अहवालांना चिंता होती ती माल बंदरापर्यंत कसा पोचतो याची. त्यात कापूस ‘आणला जातो’, ‘दाबला जातो’, ‘पाठवला जातो’. व्याकरण साहेबाचं होतं. मी त्यावर फक्त मराठी विभक्ती चढवली होती. साहेबाला वेचणारीचं नाव नको होतं हे समजू शकतं. मला का नको होतं?

त्यानंतर मी प्रत्येक क्रियापदाला कर्ता शोधायचं ठरवलं. वाटलं, आठवड्याचं काम आहे. अडत्या आला, दलाल आला, सावकार, मापारी, हमाल, मुंबईच्या पेढ्यांचे अडते, हे सगळे एकेक करून वाक्यांत येऊन बसले. पण काही क्रियापदांना कर्ता मिळेचना. शेतकऱ्याला पेरणीआधी उचल कोण देत होतं? भाव कोण फोडत होतं? मला माहीतच नव्हतं. ‘दिली जात असे’ या तीन शब्दांखाली माझं अज्ञान सुखाने झोपलं होतं. तिसरं प्रकरण आठ महिने थांबलं. एका वाक्याचा कर्ता शोधायला मला नागपूरच्या अभिलेखागाराच्या चार वाऱ्या कराव्या लागल्या. त्यातल्या दोन फुकट गेल्या, हेही सांगून टाकते.

4. घरचं म्हणून जे ठाऊक असतं, ते आपण तपासत नाही. ‘1870 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथे…’ असं मी बिनधास्त लिहिलं. समासात प्रश्न: ‘तेव्हा?’ मला वाटलं सर सनाबद्दल विचारतायत. सन बरोबर होता. जिल्हा चुकला होता. खामगाव तेव्हा अकोल्यात होतं. 1905 मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव (जामोद) हे दोन तालुके अकोल्यातून निघून बुलढाण्याला जोडले गेले. इतकंच काय, अख्खं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. 1853 च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि सरकारी भाषेत त्याचं नाव होतं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. लायल यांनी संपादित केलेल्या 1870 च्या गॅझेटिअरच्या नावातच ते आहे आणि त्या ग्रंथातून मी ढीगभर टिपणं काढली होती. नाव वाचलं नव्हतं. माझ्या जन्मदाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे ‘जि. बुलढाणा’ असल्यामुळे मी ते मागे 1870 पर्यंत ओढत नेलं. परक्या गावाबद्दल लिहिलं असतं, तर ही चूक झाली नसती.

5. माझी सर्वांत देखणी चूक कोष्टकात होती. जुन्या कागदांतल्या गाठींचे आकडे मी किलोत आणले, दोन दशांश स्थळांपर्यंत. रंगीत आलेखही काढला. बाबा तेव्हा होते. आयुष्यभर कापसाच्या बाजारात मापारी, एकाधिकार खरेदीच्या काळातली लांबच लांब बैलगाड्यांची रांग पाहिलेले. कौतुकाने म्हटलं, बाबांना वाचून दाखवावं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘गाठ कोनती धरली?’

‘कोणती म्हणजे? गाठ म्हणजे गाठ.’

‘किती किलोची?’

‘एकशे सत्तर.’

बाबा हसले. ‘ती आत्ताची वं बाई. खंडीचा हिशेब केला का? खंडीत दोन गाठी बसत.’

खंडी म्हणजे 784 पौंड, आजच्या हिशेबात 355.6 किलो. म्हणजे गाठ 392 पौंडांची, साधारण 178 किलोची. सरकारी आकडेवारीत तर कुठे कुठे 400 पौंडांची गाठ धरलेली असते. एका आलेखात मी या तिघी सख्ख्या बहिणी असल्यासारख्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या आणि त्यावरून निष्कर्ष काढला होता की अमुक दशकात उत्पादन वाढलं. उत्पादन वाढलं नव्हतं, गाठ बदलली होती. ‘मापात पाप’ हे शब्द मी बाबांच्या तोंडून हजारदा ऐकले होते. ते माझ्याच चौदा कोष्टकांत निघालं. पुढच्या खर्ड्यात प्रत्येक कोष्टकाखाली मी गाठ किती पौंडांची ते लिहिलं. तळटीपेत बाबांची मुलाखत घातली, तारखेसकट. तळटीपा मला तोवर जकात नाक्यासारख्या वाटायच्या, पावती दाखवा आणि पुढे व्हा. बाबांची तळटीप टाइप करताना पहिल्यांदा वाटलं, हे ऋण आहे आणि ते फेडायची एवढीच एक जागा माझ्याकडे आहे.

6. चोरी पकडणारं यंत्र मला पकडू शकलं नाही, याचा मला आनंद झाला होता. हे लिहायला अजून जड जातं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. माझं सात आलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. सरांनी चौथ्या प्रकरणातला एक परिच्छेद काढून समोर ठेवला. ‘हे मराठी नाही,’ म्हणाले. मी शुद्धलेखन तपासायला लागले. ‘शब्द मराठी आहेत गं. वाक्य कोणाचं आहे?’

वाक्य लक्ष्मण सत्या यांचं होतं. त्यांच्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या 1997 च्या पुस्तकातलं. कापसाच्या हव्यासाने वऱ्हाड दुष्काळापुढे कसं उघडं पडलं, हा त्यांचा युक्तिवाद. मी तो वाचला, भारावले, भाषांतर केलं आणि कधी तो माझाच वाटायला लागला ते कळलंही नाही. निदान स्वतःला मी असं सांगत होते. यंत्र शब्द जुळवतं. इंग्रजीतून मराठीत आलेला माल त्याच्या चाळणीतून खाली पडतो. सरांच्या चाळणीत अडकला, कारण माझी स्वतःची वाक्यं इतकी गुळगुळीत नव्हती. ओशाळून मी ‘सत्या म्हणतात’ हे दोन शब्द जोडले. त्यावर सरांचं पुढचं: ‘आणि तू काय म्हणतेस?’

मी काय म्हणणार? छापलेल्या पुस्तकापुढे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. स्वेन बेकर्ट या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या ‘एम्पायर ऑफ कॉटन’मध्ये आमच्या खामगावचं नाव सापडलं, तेव्हा तर मी ते पान बाबांना नेऊन दाखवलं होतं, कुणी प्रसाद आणावा तसं. अशा माणसांशी वाद घालायचा? ‘मात्र’ हा शब्द लिहायला मला वर्ष लागलं. ‘सत्या असं म्हणतात, खामगावच्या कागदांत मात्र…’ पुढचं अर्धं वाक्य माझं. सबंध प्रबंधात अशी अर्धी वाक्यं मोजून अकरा असतील. उरलेल्या पानांनी त्यांची पालखी वाहिली, एवढंच.

7. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. पाचवा खर्डा चारशे पानांचा होता, सहावा अडीचशेचा, त्यामुळे ही उपमा मला अगदी दैवी वाटली. लेखन म्हणजे जिनिंग, असं प्रस्तावनेत लिहून टाकलं. सरांनी पहिली काट तिच्यावरच मारली. समासात लिहिलं, ‘सरकी.’

8. लेख छापून आला म्हणजे कुणी वाचला, असं नसतं. मोबाइलवर मेसेज यायचे, तीन दिवसांत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख, शुल्क अमुक, प्रमाणपत्र मोफत. एकदा मोहात पडले. तिसऱ्या दिवशी खरंच छापून आला. माझं आडनाव चुकलं होतं आणि खामगावचं ‘खानगाव’ झालं होतं. वाईट त्याचं वाटलं नाही. सबंध लेखात कुणी एक स्वल्पविराम हलवला नव्हता, एक प्रश्न विचारला नव्हता. त्या रात्री मला लाल शाईची चक्क आठवण आली.

9. लाल पेन हातात आलं की आपण सर होत नाही. मागच्या वर्षी मोताळ्याकडची एक मुलगी माझ्याकडे लघुप्रबंध करत होती, 1899-1900 च्या दुष्काळातल्या सरकारी कामांवर. हुशार, अबोल, एसटी चुकेल म्हणून सारखी घड्याळ बघणारी. तिच्या खर्ड्यात वाक्य होतं, ‘रस्त्यांसाठी खडी फोडली जात असे.’ मी अर्थातच समासात लिहिलं, ‘कोणी?’ थोडं समाधानही वाटलं. वारसा चालवल्यासारखं.

आठवड्याने कागद परत आला. माझ्या लाल शब्दाखाली तिने बारीक पेन्सिलने लिहिलं होतं, ‘मॅडम, कागदात फक्त आकडा आहे. बाया किती, माणसं किती, पोरं किती. नाव एकाचंही नाही.’

मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ‘कोणी?’चं उत्तर कुठल्या तरी दप्तरात असतंच, जायचाच काय तो कंटाळा. माझी माय तरी होती समोर तूर निवडत. हिच्या दप्तरात शंभर वर्षांपूर्वीच कुणी विचारलं नव्हतं. मी पेन्सिलीच्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘हे प्रकरणात घे.’

पुढच्या सोमवारी ती आली. प्रकरण नीट टाइप करून, पारदर्शक फाइलमध्ये. मी ती जागा शोधली. तिथे होतं: ‘सदर कागदपत्रांच्या अनुषंगाने मजुरांचा नामनिर्देश आढळून येत नाही.’

मी पेनचं टोपण काढलं. परत लावलं. तिच्याकडे बघितलं, तर ती घड्याळाकडे बघत होती.

‘चहा घेतेस?’ मी विचारलं.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘पेन्सिलीनं लिहिलं होतं, तसंच्या तसं चालते का?’